वाचकांचे प्रश्न : दहा हजार मिलिमीटरचे जॅकेट आणि आपला पाऊस

पावसाळी कपड्यांविषयीची पत्रे मे महिन्यापासूनच येऊ लागतात. या वेळच्या पत्रांत बहुतेकांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली आहे : चिठ्ठीवर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले असताना आपण भिजतो कसे? म्हणून हे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : जुलैमध्ये भीमाशंकर आणि महाबळेश्वर परिसरातील भटकंतीसाठी मला जॅकेट घ्यायचे आहे. दुकानात तीन प्रकार दाखवले. त्यांवर अनुक्रमे ३,०००, १०,००० आणि २०,००० मिलिमीटर असे लिहिले होते आणि किमतीही त्याच क्रमाने चढत गेल्या होत्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेता पहिले जॅकेट तिथे निरुपयोगी ठरेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला तर्क सरळ आहे, परंतु पावसाचा मिलिमीटर आणि जॅकेटचा मिलिमीटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊस मोजताना पडलेले पाणी वाहून न जाता जागेवरच साचले असते तर त्याची उंची किती झाली असती, हे आपण पाहतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, याचा अर्थ जवळजवळ मीटरभर उंचीचे पाणी. मात्र त्या दिवशी रस्त्यात अडकलेल्या माणसाच्या खांद्यावर ते पाणी साचून राहिले नाही. ते कपड्यावरून ओघळून गेले. त्यामुळे वार्षिक पावसाच्या आकड्याशी जॅकेटच्या आकड्याची तुलनाच होऊ शकत नाही.

जॅकेटवरचा आकडा प्रयोगशाळेतून येतो. कापडाचा १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा घट्ट आवळून बसवतात आणि त्याच्या एका बाजूने पाण्याचा दाब संथ, ठरावीक गतीने वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या ठिकाणी पाण्याचा थेंब दिसला की त्या क्षणीचा दाब नोंदवतात. तो दाब निर्माण करण्यासाठी पाण्याचा किती उंच स्तंभ उभा करावा लागला असता, ती उंची म्हणजे हा आकडा. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर, साधारण तीन मजली इमारतीएवढा पाण्याचा स्तंभ त्या कापडाने पेलला, असा त्याचा अर्थ होतो. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजन, हे सूत्र लक्षात ठेवले तर बाकीचा हिशोब घरबसल्या करता येतो.

उदाहरणार्थ, सत्तर किलो वजनाचा माणूस ओल्या कातळावर एक गुडघा टेकून बसला आणि निम्मे वजन, म्हणजे ३५ किलो, गुडघ्याखालच्या ५० चौरस सेंटिमीटर कापडावर आले, तर दाब ०.७ किलो, म्हणजे ७,००० मिलिमीटर होतो. याउलट बारा किलोच्या सॅकचे सगळे वजन दोन पट्ट्यांखालच्या एकूण ३०० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर सरासरी दाब ४०० मिलिमीटरच भरतो. अर्थात पट्टीच्या कडेखाली आणि उड्या मारत उतरताना तो काही पटींनी वाढतो, हेही धरावे लागते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो. त्याच्या आघाताचा दाब हिशोबाने चार मीटर पाण्याएवढा निघतो. परंतु तो अगदी लहान जागेवर, निमिषमात्र असतो आणि अंगावरचे कापड थोडे दबून त्याला वाट देते. म्हणून पावसात नुसते उभे राहणाऱ्याला ३,००० मिलिमीटरचे धड कापडही कोरडे ठेवू शकते.

मग १०,००० किंवा २०,००० कशासाठी, असे आपण विचाराल. ही चाचणी नव्या कापडावर केलेली असते. काटेरी करवंदीच्या जाळीतून वाट काढल्यावर, दोन पावसाळे सॅकचे पट्टे घासल्यावर आणि दहा-बारा धुण्यांनंतर तोच आकडा राहत नाही. पावसापासून संरक्षण देणाऱ्या कामकरी कपड्यांसाठी युरोपात ‘ईएन ३४३’ नावाचे मानक आहे. त्यातील सर्वांत वरच्या, चौथ्या वर्गासाठी लागणारा दाब २०,००० पास्कल, म्हणजे जेमतेम २,०४० मिलिमीटर एवढाच आहे. मात्र वरच्या वर्गांसाठी कापड आधी घासून, दुमडून, धुऊन जुने करतात आणि मगच त्याची परीक्षा घेतात. झिजलेल्या कापडाने दोन हजार पेलणे हे नव्याने वीस हजार पेलण्यापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. माझे मत विचाराल तर सह्याद्रीतल्या पायी भटकंतीसाठी ८,००० ते १०,००० पुरेसे आहे. वीस हजारांसाठी जे जास्तीचे पैसे द्यावे लागतील, ते शिवण, टोपी आणि काखेखालची चेन चांगली असलेल्या जॅकेटवर खर्च करावेत.

प्रश्न : विंडचीटर, वॉटर रेझिस्टंट, वॉटर रिपेलंट आणि वॉटरप्रूफ यांत नेमका फरक काय? दुकानदार सगळ्यांना एकच म्हणतात. (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : विंडचीटर वारा अडवण्यासाठी असतो. त्याचे कापड दाट विणीचे असते, पण पावसाच्या दृष्टीने त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. रिपेलंट म्हणजे पाणी झटकणारे कापड. त्याच्या धाग्यांवर असा लेप असतो की थेंब पसरत नाही, अळूच्या पानावर घरंगळावा तसा गोल राहून ओघळतो. या लेपाला ‘डीडब्ल्यूआर’ म्हणतात. त्याची वेगळी चाचणी आहे. ४५ अंशांत तिरपे ताणलेल्या कापडावर पंधरा सेंटिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी शिंपडतात आणि वरचा भाग किती ओला झाला हे पाहून ० ते १०० पर्यंतचा गुण देतात. अंशतःही ओले न झालेल्या कापडाला १०० मिळतात. चिठ्ठीवर कधी ८०/२० असे दिसते, त्याचा अर्थ वीस धुण्यांनंतरही ८० गुण टिकतात असा आहे. रेझिस्टंट हा शब्द सर्वांत सैल आहे. थोडा वेळ, थोडा पाऊस सहन करील, एवढेच तो सांगतो. त्याच्यासोबत आकडा नसेल तर त्यावर विसंबू नये. वॉटरप्रूफ म्हणजे दाबालाही पाणी आत न सोडणारे कापड. पण कुठल्या आकड्यापासून पुढे वॉटरप्रूफ म्हणायचे यावर सर्वत्र एकमत नाही. ब्रिटनमध्ये १,५०० मिलिमीटरची मर्यादा बरीच वर्षे प्रचलित आहे. म्हणजे १,५०० चे जॅकेटही वॉटरप्रूफ आणि २०,००० चेही वॉटरप्रूफ. दुकानदाराला शब्द विचारू नका, आकडा आणि शिवण दाखवायला सांगा.

प्रश्न : मी रोज सावंतवाडीहून आंबोलीपर्यंत नोकरीसाठी दुचाकीवरून जातो. गेल्या वर्षी एक महागडा वॉटरप्रूफ सूट घेतला. कापडातून पाणी येत नाही असे वाटते, पण अर्ध्या तासात खांदे, छातीवरची चेन आणि बैठकीचा भाग ओला होतो. त्याऐवजी माझ्या भावाचा साधा प्लॅस्टिकचा रेनकोट कोरडा राहतो. असे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : आपण राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एका गावी रोज जाता, त्यामुळे आपल्या सूटची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कठोर होते. आपले निरीक्षण अचूक आहे. दोष कापडाचा नाही, शिवणीचा आहे.

सुई जिथे जिथे कापडातून जाते तिथे भोक पडते आणि दोरा त्या भोकातून पाणी आत ओढून घेतो. रेनकोटच्या इतिहासात ही अडचण अगदी आरंभापासून आहे. चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये रबर बसवून पाणी न भेदणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले; परंतु शिंप्यांनी ते शिवताच शिवणीतून पाणी झिरपू लागले. आजचा उपाय म्हणजे शिवणीवर आतल्या बाजूने उष्णतेने चिकटवलेली पट्टी. जॅकेट उलटे करून पाहिले की साधारण बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी दिसते. काही कपड्यांत ती सगळ्या शिवणींवर असते, तर काहींत फक्त खांदे आणि टोपी अशा निवडक ठिकाणी असते. दुसऱ्या प्रकारालाही विक्रेते ‘सीम टेप्ड’ म्हणतात. मी स्वतः एकदा २०,००० चा आकडा पाहून हुरळून असे जॅकेट घेतले होते. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर पहिल्याच तासाला दोन्ही कुशींतून पाणी आत आले आणि मुक्कामी जॅकेट उलटे केले तेव्हा कळले की बाजूच्या शिवणींवर पट्टीच नव्हती. तेव्हापासून मी जॅकेट उलटे केल्याशिवाय किंमत विचारत नाही.

आपल्या भावाचा रेनकोट पीव्हीसीचा असणार. तशा अनेक रेनकोटांचे तुकडे शिवलेलेच नसतात. उष्णतेने एकमेकांत वितळवून जोडलेले असतात. भोक नाही, म्हणून गळती नाही. दुचाकीवर अंगाची हालचाल कमी, त्यामुळे घामाचा त्रासही पायी चालणाऱ्यापेक्षा कमी होतो. रोजच्या दुचाकीच्या प्रवासाला जाड, जोडलेल्या शिवणींचा साधा रेनकोट हीच अनेकदा शहाणपणाची निवड असते, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो.

दुचाकीवर आणखी दोन गोष्टी घडतात. पहिली वेगाची. वेग दुप्पट झाला की आघाताचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. त्या वेगाने समोरून धडकणाऱ्या थेंबाचा क्षणिक दाब हिशोबाने १४ मीटर पाण्याएवढा होतो. थेंब कापडावर फुटून पसरतो आणि वारा ते पाणी चेनच्या दातांतून, गळपट्टीतून, बाह्यांच्या तोंडातून आत ढकलतो. म्हणून छातीवरची चेन उघडी नसावी. तिच्यावर दुहेरी पट्टी असावी आणि त्या दोन पट्ट्यांमध्ये पाणी वाहून जाण्यासाठी पन्हाळीसारखी घडी असावी. दुसरी गोष्ट बैठकीची. सीटच्या खोलगट भागात पाणी साचते आणि आपण त्यावर बसतो. सत्तर किलो वजन सातशे चौरस सेंटिमीटरवर पसरले तर दाब १,००० मिलिमीटर होतो, आणि खड्ड्यातून गाडी गेली की तो क्षणभर कित्येक पट वाढतो. नेमक्या त्याच जागी पॅन्टची मधली शिवण येते. त्यामुळे बैठकीच्या भागात सलग, बिनशिवणीचे कापड असलेली पॅन्ट शोधावी.

सध्याचा सूट टाकून देऊ नका. शिवण बंद करणारे द्रव बाटलीत मिळते. आतली बाजू पुसून, वाळवून शिवणीवर ब्रशने त्याचा पातळ हात द्यावा आणि रात्रभर सुकू द्यावे. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या आणि सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडांसाठी ही द्रवे वेगवेगळी असतात. घेताना तेवढे विचारून घ्यावे.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा मित्रांसोबत जुलैमध्ये कळसूबाईला गेला होता. त्याला मी नामांकित बनावटीचे वॉटरप्रूफ, ‘श्वास घेणारे’ जॅकेट घेऊन दिले होते. तरी तो आतून चिंब भिजून, थरथरत घरी आला. दुकानदाराने फसवले असे घरचे म्हणतात. आपले मत काय? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर जरा सविस्तर देतो, कारण मुलाच्या प्रकृतीशी त्याचा संबंध आहे. जॅकेट न पाहता निकाल देता येणार नाही; परंतु आपण लिहिता त्यावरून पाऊस आत आला नसावा, आतला घाम बाहेर गेला नसावा, असे मला वाटते.

श्वास घेणारे कापड म्हणजे द्रव पाणी अडवणारे पण बाष्प सोडणारे कापड. यातले सर्वांत प्रसिद्ध गोर-टेक्स. रॉबर्ट गोर यांना १९६९ मध्ये असे आढळले की टेफ्लॉनच्या जातीचे एक द्रव्य तापवून झटक्यात ताणले की त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते. त्याचा पापुद्रा कापडाला चिकटवून केलेले कपडे १९७६ पासून बाजारात आले. कंपनीच्या सांगण्यानुसार ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा २०,००० पट लहान आणि बाष्पाच्या रेणूपेक्षा ७०० पट मोठी असतात. म्हणजे घामाच्या वाफेला दार उघडे आणि पावसाला बंद.

हे खरे आहे. परंतु वाफ स्वतःहून बाहेर जात नाही. आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच ती जाते. घामेजलेल्या अंगाजवळ, ३५ अंशांना, बाष्पदाब ५.६ किलोपास्कलपर्यंत जातो. युरोपातल्या डोंगरात पावसाळी दिवशी बाहेर ५ अंश तापमान असेल तर बाहेरचा बाष्पदाब ०.९ च्या आसपास असतो आणि वाफेला बाहेर ढकलणारा फरक ४.७ इतका मिळतो. जुलैच्या सह्याद्रीत बाहेर २४ अंश आणि हवा ढगाने संपृक्त असते. तिथला बाष्पदाब ३ असतो आणि फरक उरतो २.६. म्हणजे तेच जॅकेट आपल्याकडे जेमतेम निम्म्या जोराने काम करते. हे कपडे मुळात थंड हवेसाठी घडले, आणि आपल्या दमट पावसात त्यांच्याकडून तीच अपेक्षा ठेवणे त्या कापडावरही अन्याय करणारे आहे.

त्यात चढण्याचे श्रम. उभ्या चढावर धडधाकट माणसाला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. जॅकेटवर १०,००० ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति २४ तास असे लिहिले असेल तर तासाला एका चौरस मीटरमधून सुमारे ४१५ ग्रॅम वाफ जाते, आणि तीही प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत. पाठीवर सॅक असली की पाठीचा सगळा भाग झाकला जातो आणि तिथला रस्ता बंदच होतो. हा आकडा काढण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि एका पद्धतीतला आकडा दुसरीतल्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही, म्हणून दोन कंपन्यांच्या जॅकेटची यावरून तुलना करताना सावध राहावे. ‘आरईटी’ नावाचा दुसरा निर्देशांक मला त्यापेक्षा विश्वासार्ह वाटतो. तो वाफेला होणारा अडथळा मोजतो, म्हणून तो जितका कमी तितके कापड चांगले. ६ च्या खाली उत्तम, १३ पर्यंत चांगले, २० च्या वर घुसमटणारे, असा ढोबळ अंदाज ठेवावा.

आणखी एक गोष्ट. कापडावरचा डीडब्ल्यूआर लेप झिजला की पापुद्र्याबाहेरचे कापड पाणी पिते. पाणी आत येत नाही, पण बाहेरून ओल्या कापडाचा थर बसल्याने वाफेची वाट अडते, जॅकेट जड आणि गार पडते, आतली वाफ त्या गार थरावर दहिवरासारखी जमते आणि घालणाऱ्याची खात्री पटते की जॅकेट गळते आहे.

आमच्या कोकणातले शेतकरी लावणीच्या वेळी इरले घेत, त्याची मला इथे आठवण होते. बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचा थर, डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकणारा. पण पुढून आणि खालून पूर्ण मोकळा. वाकून काम करणाऱ्याच्या अंगाला वारा लागत राही आणि पाऊस पाठीवरून ओघळून जाई. आपल्या हवेत कापडाच्या छिद्रांपेक्षा मोकळी वाट अधिक उपयोगी पडते, हे त्यांना अनुभवाने कळलेले होते. म्हणून मुलासाठी काखेखाली लांब चेन असलेले जॅकेट घ्यावे आणि चढताना ती उघडी ठेवायला सांगावे. वारा फार नसेल तर सॅकसकट झाकणारा पोंचो चालतो. तो खालून मोकळा असतो. मात्र कळसूबाईच्या शिड्यांवर पोंचोचा घोळ पायात येऊ शकतो, तिथे तो नको.

आता थरथरण्याविषयी. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे आणि माथ्यावर पावसाळ्यात वाऱ्याला कसलाच आडोसा नसतो. चढताना घामाने भिजलेले अंग माथ्यावर थांबल्यावर झपाट्याने उष्णता गमावते. सुती टी-शर्ट आणि जीन्स असतील तर ते तासन्‌तास पाणी धरून ठेवतात. आतून पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा पातळ बनियन असावा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा कपड्यांचा जोड सॅकमध्ये असावाच. बोलणे अडखळू लागले, पाय लटपटू लागले, किंवा अंग गार असतानाच थरथरणे थांबले, तर तो गंभीर इशारा समजून लगेच आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरडे घालून गुंडाळावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. हे मुलाच्या मित्रांनाही सांगा. ज्याला त्रास होतो त्याच्या स्वतःच्या ते लक्षात येत नाही.

प्रश्न : चार वर्षांपूर्वीचे जॅकेट कपाटातून काढले तर आतला पांढरा थर पोपडे निघाल्यासारखा सुटला आहे आणि हाताला चिकट लागतो. फार वापरलेलेही नव्हते. दुरुस्त होईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दुर्दैवाने नाही. आतला थर पॉलियुरेथेनचा आहे आणि हवेतल्या दमटपणाने त्यातले रासायनिक बंध तुटत जातात. त्याचा वापराशी संबंध कमी, साठवणुकीशी जास्त. ओलसर जॅकेट घडी घालून, पिशवीत कोंबून बंद कपाटात ठेवले की रत्नागिरीच्या हवेत ही क्रिया वेगाने होते. नवीन घ्याल ते गणपतीनंतर एकदा धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, हँगरला सैल टांगून ठेवा. ट्रंकेत ठेवणे भागच असेल तर सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे आता ‘पीफास’ (पाणी आणि तेल झटकणारी फ्लोरिनयुक्त रसायने) नसलेली जॅकेटच मिळतात. नव्या जॅकेटवर सुरुवातीला थेंब छान घरंगळत होते, पण काही महिन्यांतच खांद्यांवर ओले डाग पडू लागले. हे नवे लेप कमी प्रतीचे आहेत का? (एक वाचक, सॅन होजे)

उत्तर : पाणी झटकण्यात नवे लेप आरंभी जुन्यांच्या बरोबरीचे असतात, ते मागे पडतात ते तेलाच्या बाबतीत. जुन्या फ्लोरिनयुक्त लेपांवर पाणी आणि तेल दोन्ही टिकत नसे. मेण, हायड्रोकार्बन किंवा सिलिकॉनवर आधारित नवे लेप तेलाला अडवत नाहीत. मानेचा घाम, केसांचे तेल, सनस्क्रीन आणि धूर कापडावर बसतो आणि त्या डागावर पाणी पसरते. सॅकच्या पट्ट्यांखाली खांद्यांवर घर्षण आणि घाम दोन्ही असल्यामुळे पहिले डाग तिथेच पडतात. जॅकेट अधिक वेळा धुणे हाच त्यावर उपाय आहे.

पीफास ही द्रव्ये निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, पाण्यात आणि प्राण्यांच्या शरीरात साठत राहतात. म्हणूनच आपल्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांतील त्यांच्या वापरावर बंदी आली; अतिवृष्टीत वापरायच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत आहे. एक रेनकोट महिना-दीड महिन्याने धुवावा लागणे ही त्यापुढे फार लहान किंमत आहे, असे मी मनापासून मानतो.

प्रश्न : वॉटरप्रूफ जॅकेट धुतले तर त्याचा गुण जातो असे ऐकले आहे. खरे आहे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : न धुतल्यानेच गुण अधिक लवकर जातो. चेन आणि चिकटपट्ट्या लावून, चिठ्ठीवर दिलेल्या तापमानात, अवशेष न ठेवणाऱ्या द्रव साबणाने धुवावे. कपडे मऊ करणारे द्रव आणि ब्लीच कधीही वापरू नये. मऊ करणाऱ्या द्रवाचा थर कापडावर राहतो आणि पाणी ओढून घेतो. दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावे, पिळू नये. वाळल्यावर, चिठ्ठीवर परवानगी असेल तर, मंद ड्रायरमध्ये वीसेक मिनिटे ठेवावे किंवा वर पातळ सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. उष्णतेने झोपलेला डीडब्ल्यूआर लेप पुन्हा उभा राहतो. तरीही थेंब घरंगळत नसेल तरच बाजारात मिळणारा नवा लेप द्यावा.

प्रश्न : पावसाळी सहलीआधी जॅकेट खरेच चालेल का, हे घरी तपासता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येईल. आतून फिकट रंगाचा, शक्यतो राखाडी सुती शर्ट घालावा, कारण त्यावर ओल लगेच गडद दिसते. त्यावर जॅकेट चढवून, सगळ्या चेन लावून, टोपी घालून न्हाणीघरातल्या शॉवरखाली पंधरा मिनिटे उभे राहावे. फार हालचाल करू नये, म्हणजे घाम मध्ये येणार नाही. फक्त मधून हात वर करावा, पाठ फिरवावी. नंतर जॅकेट बाहेरून पुसून मग काढावे आणि शर्ट पाहावा. खांद्यावर किंवा कुशीत सरळ रेषेत ओल असेल तर शिवण गळते आहे. छातीवर उभा पट्टा ओला असेल तर चेन दोषी आहे. खांद्याच्या मोकळ्या भागात पसरट डाग असतील तर कापडाचा आतला लेप गेला आहे आणि ते जॅकेट आता डोंगरात नेऊ नये. शर्ट कोरडा राहिला आणि तरीही डोंगरात आपण आतून भिजत असाल, तर तो घाम आहे. अशा वेळी नवे जॅकेट घेण्याआधी आहे त्याच जॅकेटची काखेखालची चेन उघडी ठेवून आणि चढाला थोडे सावकाश चालून पाहावे.